ईवाईबुवांस लिनक्सचे धडे

अमरावती, ६ जानेवारी

श्री. ओमप्रकाशजी गावंडे, फुलांचे व्यापारी, अकोला, आमचे ईवाई म्हणजे व्याही, यांस जीवन काळमेघ याचा नमस्कार.

आधी 'सप्रेम' लिहिलं होतं. ते खोडलेलं दिसेल, खोडलेलंच वाचावं.

गेल्या आठवड्यात तुमचा फोन मी मध्येच ठेवला आणि 'काय असेल ते पत्राने कळवा' म्हणालो, याचा तुम्हाला राग आला असणार. येऊ द्या. फोनवर बोलणाऱ्याला मध्येच तोडता येतं, पत्र लिहिणाऱ्याला तोडता येत नाही. आणि तुम्ही खरंच पत्र लिहिलंत! दुकानाच्या कागदावर, वर झेंडूचं चित्र, खाली वेलांट्या भलतीकडे. चार वेळा वाचलं. मजकूर असा:

'गुरुजी, मनोजनं दुकानातल्या मशीनमंदी ते लिनक्स का काय टाकून देलं. रागिणीच्या आईची गाणी एका फोल्डरात होती. म्या त्याच्या नावाआंधी एक टिंब देलं, नजर नको लागाले म्हून, अन् फोल्डर डोयासमोर गायब! कचऱ्याच्या डब्यातबी नाही. रागिणीच्या हयदीले तिच्या आईचंच गाणं लावाचं हाय. पोराईले सांगू नका. आमच्या मायचा आवाज बाबानं पुसला, असं म्हंतीन.'

टिंब! बाळाच्या गालाला तीट लावावी तसं फोल्डरच्या कपाळाला टिंब. ईवाईबुवा, मराठी शिकवण्यात हयात गेली माझी, पण टिंबाचा असा उपयोग कुणी केलेला पाहिला नाही.

ऐका. गाणी पुसली गेलेली नाहीत. कै. पार्बताबाईंचा आवाज तुमच्या मशीनमध्ये आहे तिथेच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तो दिसायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. कोणत्या, ते तुमचं पत्र वाचतानाच माझ्या ध्यानात आलं. शाळेच्या संगणक खोलीची किल्ली निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होती आणि तिथे सगळी लिनक्सचीच मशीनं होती. घरी आजही तेच वापरतो.

पण कळा मी सांगणार नाही. अजून तरी नाही.

गीताचं लग्न आठवा. माझी एकुलती एक पोर, तुमच्या मनोजला दिलेली. मंगलाष्टकाची पाच कडवी मी रचली होती, शार्दूलविक्रीडितात, एकेक मात्रा तपासून. सातवीच्या वर्गात पोरं डोलत कविता म्हणायची, बाकांवर ताल धरायची, तो नाद कानात ठेवून रचली होती. दुसरं कडवं अर्ध्यावर होतं. तुम्ही आलात, माझ्या हातातून माइक घेतलात आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणालात, 'गुरुजी, हे कविसंमेलन नोहे. पंगत खोयंबून राह्यली!' लोक हसले. वाजंत्रीवाले हसले. मग तुम्ही पेनड्राइव्हमधलं कुणाचंतरी मंगलाष्टक लावलंत आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या त्या परक्या आवाजात. मी हातात कागद धरून उभा होतो.

तर अट अशी: रागिणीच्या लग्नात मंगलाष्टक मी म्हणणार. पूर्ण. आणि माझ्या तोंडापुढे माइक तुम्ही धरायचा. स्वतः, उभं राहून, सगळ्या अकोल्यासमोर. हे कबूल करा, कळा मिळतील.

तोवर रिकामे बसू नका. गृहपाठ देतो. मशीन अडलं की बटण दाबून धरून बंद करायची तुमची सवय गीतानं सांगितली आहे. ती सोडा. धावत्या बैलाच्या पायात काठी घालण्यासारखं आहे ते. एखादी खिडकी गोठली तर कंट्रोल, आल्ट आणि एस्केप दाबून बघा, नाहीतर दोन मिनिटं हात जोडून बसा. बहुतेक वेळा शुद्धीवर येतं.

आपला ईवाई (नाइलाजाने),
जीवन काळमेघ


अमरावती, १७ जानेवारी

ओमप्रकाशजी,

तुमचं उत्तर मिळालं. 'माइक धरणारा म्या काही मंडपवाल्याचा नोकर नोहे.' एवढंच एक वाक्य, पण शाईचा ठिपका पडेपर्यंत पेन दाबलेलं. मात्र त्याच कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात: 'टर्मिनलमंदी पासवर्ड टाकतो तर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला काय?'

हसू आलं हो. म्हणजे शोध चालू आहे. एकट्यानं, दुकानाचं शटर अर्धं ओढून, असं मला दिसतं. चष्मा कपाळावर आणि समोर ती काळी खिडकी.

कीबोर्ड बिघडलेला नाही. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना ना अक्षर दिसतं, ना टिंब, ना तारा. दिसत नसलं तरी उमटतं. तुम्ही निमूट लिहा आणि एंटर मारा. गुपित कुणाला दाखवून लिहायचं नसतं, एवढी अक्कल त्या यंत्राला आहे.

आणखी काही धडे. फुकट देतो, कारण अडाणी माणसाचा सूड घेण्यात मला रस नाही. तुम्ही चांगले शिकून-सवरून, डोळे उघडे ठेवून हरायला हवेत.

पहिलं, इथे मोठी लिपी आणि लहान लिपी वेगळी धरतात. इंग्रजीत मोठ्या अक्षरानं नाव दिलेली फाइल लहान अक्षरानं हाक मारली तर ओ देत नाही. मानपानाच्या बाबतीत तुमच्याच घराण्यातली म्हणा.

हुकूम पूर्ण लिहायची गरज नसते. दोन-चार अक्षरं लिहा आणि टॅब दाबा, पुढचं ते स्वतः भरतं. आधी दिलेला हुकूम पुन्हा हवा असेल तर वरच्या बाणाची कळ. हे मला फार आवडतं. एकदा म्हटलेली ओळ पुन्हा म्हणायला मिळते, कुणी आडवं येत नाही.

टर्मिनलमधून काही उचलायचं तर नुसतं कंट्रोल-सी नाही, त्यात शिफ्टही हवी. नुसतं कंट्रोल-सी म्हणजे चालू काम बंद. तुम्ही तर ते हातानंच करता.

नवं काही हवं असेल तर इंटरनेटवरून दिसेल ते उतरवू नका. मेन्यूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, तिथून घ्या. ओळखीच्या मळ्यातून फुलं घेता, तसंच. रस्त्यावरच्या टोपलीतला शेवंतीचा ढीग वरून ताजा असतो आणि आतून काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वलगावच्या शाळेत एक मुलगा होता. कविता पाठ झाली नाही की तो ओठ हलवत उभा राहायचा, आवाज काढायचा नाही. मी वर्गभर फिरून त्याच्यापाशी पोचेपर्यंत तो ओठ हलवत राही. तुमचं पत्र वाचताना तो आठवला. ओठ हलतायत ईवाईबुवा, आवाज येऊ द्या. 'कबूल' एवढं तीन अक्षरी म्हणायचं आहे.

जीवन काळमेघ


अकोला, बसस्थानक, २८ जानेवारी

ओमप्रकाशजी,

आज सकाळी मिळालेल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'तुमची गरज नाही आता. एक मशीनवाला भेटला. तो म्हंते, सारं पुसून नवं टाकून देतो, मंग सापडन. येत्या अठ्ठावीस तारखेले नेऊन राह्यलो.'

पुसून! सारं पुसल्यावर काय सापडणार? हे वाचून मी फोन लावला. तुम्ही उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. माझाच गुण मला दाखवलात, मान्य. मग पायात चप्पल अडकवली आणि अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभा होतो, या वयात.

दुकानात तुम्ही नव्हता. रागिणी गुलछडी ओवत बसली होती. मशीन चादरीत बांधून दाराशी ठेवलेलं, जत्रेला निघालेल्या पोरासारखं.

'काका! तुमी? एकाएकी?' पोरगी उठून पायाच पडली.

'तुझ्या बाबांनी जरा मशीन बघायला सांगितलं होतं.' खोटं बोललो. तुमची शपथ पाळली म्हणा हवं तर.

'बाबांनी? तुमाले?' तिचे डोळे हे एवढे. 'काका, बाबा आजकाल त्या मशीनसमोर बसतेत अन् कोनाशी बोलतच नाही. जेवाले हाक मारली तर म्हंतेत, थांब, अभ्यास करून राह्यलो. तुमी देता म्हने त्याइले अभ्यास?'

'देतो.'

'मंग नापास करू नका जी. लय मन लावून करून राह्यले.'

ती चहा सांगायला पलीकडे गेली. मी चादर सोडली, वायरी जोडल्या, फोल्डरांची खिडकी उघडली आणि त्या दोन कळा दाबल्या. फिकट रंगात ते फोल्डर उभं होतं: तुमचं टिंब, आणि पुढे 'आईची गाणी'.

पेनड्राइव्ह खिशात होता. मी सगळं फोल्डर त्यात उतरवून घेतलं. मग त्याच दोन कळा दाबून फोल्डर पुन्हा झाकलं, मशीन बंद केलं आणि चादरीची गाठ होती तशी मारली.

गाणी मी ऐकली नाहीत. ती आधी रागिणीनं ऐकायची.

आता हिशेब असा की तुम्ही मशीन मशीनवाल्याला द्या, नाहीतर मोर्णेत नेऊन बुडवा, पार्बताबाईंचा आवाज वाचला आहे. तो माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आहे. आणि तुमच्याकडे नाही. ही चिठ्ठी मी रागिणीजवळ देऊ शकलो असतो, पण ती उघडून वाचील म्हणून इथे लिहून पाकिटात घालून टपालपेटीत टाकतो आहे. तुम्हाला दोन दिवस घाबरू द्यावं, हाही विचार आहे. लपवत नाही.

जाता जाता धडा. पेनड्राइव्ह उपटून काढू नये. त्याच्या चित्रापुढचं छोटं चिन्ह दाबायचं, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबायचं. लिनक्स पुष्कळदा लिहिल्याचं दाखवतं आणि खरं लिहिणं मागून चालू असतं. घाईनं उपटलं की अर्धंच राहतं. मी थांबलो होतो. चहा येईपर्यंत थांबलो, आणि एक हात वरच्या खिशावर ठेवूनच कप उचलला, तर चहा बशीत सांडला. तुमच्या पोरीनं पदरानं पुसला.

माइक कोण धरणार, ते कळवा.

जी. का.


अमरावती, ५ फेब्रुवारी

ईवाईबुवा,

पत्र नाही, तार म्हणावी अशी तुमची ओळ: 'कबूल. धरतो. तुमी येऊन गेले समजलं, मशीन नाही नेलं. पण रागिणीच्या लग्नात गीताचं नाव नका घेऊ, पोरीले वाईट वाटन.'

खरं सांगतो, माझ्या मनात तेच होतं. जुनीच पाच कडवी, गीताच्या नावासकट, तुमच्या मांडवात शेवटपर्यंत म्हणायची. लोक म्हणाले असते, म्हातारा भ्रमिष्ट झाला, नवरी कोण आणि नाव कुणाचं. आणि तुम्ही माइक धरून उभे. असं कितीतरी वेळा डोळे मिटून पाहिलं होतं मी. गीताला सांगितलं तर ती फोनवर एवढंच म्हणाली, 'बाबा, रागिणीनं तुमचं काय केलं?'

काही केलं नाही. पदरानं चहा पुसला.

तेव्हा नवी कडवी रचतो आहे. चारच. तिच्या नावाची. वधूपित्याचं नाव मंगलाष्टकात गुंफायची चाल आहे, ती मला ठाऊक आहे. काळजी नसावी.

आता कळा. फोल्डरांची खिडकी उघडा. कंट्रोल दाबून ठेवा आणि एच दाबा. झालं.

लिनक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की ती वस्तू झाकली जाते. ही त्याची रीतच आहे. रोज लागत नाहीत अशा गोष्टी ते टिंबाआड ठेवतं. तुम्ही नजर लागू नये म्हणून टिंब दिलंत आणि यंत्रानं तुमची आज्ञा अक्षरशः पाळली, कुणाचीच नजर लागू दिली नाही. तुमचीसुद्धा. फोल्डर दिसलं की त्यावर एकदा टिचकी मारून एफ-टू दाबा आणि नावापुढचं टिंब काढा. मग कायमचं दिसेल.

काढल्यावर लगेच दोन प्रती करा. एक पेनड्राइव्हमध्ये, एक मनोजला पाठवून. जे एकाच जागी असतं ते असून नसल्यासारखं असतं. माझ्याजवळची प्रत हळदीला घेऊन येतो.

हे पत्र मिळेल तेव्हा दुकानात कुणी नसावं असं बघा. एवढंच.

जीवन काळमेघ


अमरावती, २६ फेब्रुवारी

ओमप्रकाशजी,

लग्न पार पडलं. जेवण उत्तम होतं. वांग्याची भाजी तिखट होती पण रोडग्यांबरोबर ती तशीच लागते.

हळदीच्या दिवशी मी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून होतो. तुम्ही लॅपटॉप-बिपटॉप काही न घेता दुकानातलं ते धूड उचलून आणलंत, स्वतः जोडलंत आणि कुणाला हात लावू दिला नाही. पडद्यावर बाण फिरवताना तुमची जीभ ओठाच्या कोपऱ्यात होती. पार्बताबाईंचा आवाज आला तेव्हा गाण्याआधी खोकला आला आणि 'चालू झालं काय रे मनोज? मंग सांगत काहून नाही!' हे आलं. बायका हसल्या आणि हसता हसता रागिणीनं हळदीचे हात तोंडावर घेतले. तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. कीबोर्डकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी माइक धरलात. वचनाला जागलात, हे लिहून देतो. मी मुद्दाम सावकाश म्हटलं. पहिल्याच कडव्याला पाच मिनिटं लावली असती, पण वृत्त तेवढं ताणत नाही. तुमचा हात दुखत होता. दुसऱ्या कडव्यात तुम्ही हात बदललात. गीताच्या लग्नात जिथे मला तोडलं होतंत त्या जागेवर आलो, तेव्हा मी क्षणभर थांबलो आणि तुमच्याकडे पाहिलं. मांडवात कुणीतरी खाकरलं. माइक हलला नाही.

मग चौथं कडवं आलं. तिसऱ्या ओळीशी तुमची मान ताठ झाली, चेहऱ्यावर वधूपित्याचं तेज आलं. नाव येणार, हे तुम्हाला कळलं होतं. आणि मी म्हटलं:

ज्योती रागिणि ही उभी उजळली, त्या माउलीच्या घरी

बस. पुढची ओळ, सावधान, अक्षता. तुमचं नाव आलं नाही.

गीता सांगते, तुम्ही तिला विचारलंत, 'तुह्या बापानं माहं नाव काहून नाही घेतलं? वृत्तात बसत नसन काय?'

बसतं, ईवाईबुवा. लोण्यासारखं बसतं. 'ओमप्रकाशां घरी' ही सात अक्षरं शार्दूलविक्रीडिताच्या शेवटी अशी बसतात, जणू त्या वृत्तासाठीच तुमचं बारसं झालं होतं. मी ती लिहिली होती. म्हणूनही पाहिली होती, न्हाणीघरात, मोठ्यानं. मग खोडली.

कारण सांगतो. गीताच्या लग्नात माझा माइक गेला, तुमची पंगत बसली आणि मी हात धुवायला मागच्या नळावर गेलो. तिथे पार्बताबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात भाताचा झारा तसाच. म्हणाल्या, 'गुरुजी, पुढं काय होतं? मले तरी सांगा.' मी म्हणालो, राहू द्या ताई, पंगत खोळंबेल. त्या म्हणाल्या, 'खोयंबू द्या.' आणि मी त्या नळापाशी, खरकट्या पत्रावळींच्या बाजूला, उरलेली सगळी कडवी म्हटली. त्यांनी झारा हातात धरून शेवटपर्यंत ऐकली. तुमच्या घरातलं एवढंच एक माणूस माझं मंगलाष्टक पूर्ण ऐकून गेलं.

तेव्हा त्या जागी त्याच येणार होत्या. तुम्हाला याबद्दल भांडताही येत नाही, हे मला माहीत आहे. अकोल्यात कुणाकडे तक्रार कराल? काय म्हणाल? माझ्याऐवजी माझ्या बायकोचं घर म्हटलं, म्हणून? मी यावर पुष्कळ रात्री झोपलो आहे, छान झोप लागली.

आता तुमची मागणी. मंगलाष्टकाचे शब्द तुम्हाला हवे आहेत, मशीनवर मराठीत लिहून, छापून, चौकट करून दुकानात लावायचे आहेत. शब्द सोबतच्या कागदावर आहेत. टंकायचं मात्र तुम्ही. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर जा, मांडणीच्या यादीत मराठी जोडा. मग इंग्रजीतून मराठीत जायला तिथेच एक जोडकळ ठरवून घ्या, मी विंडोजच्या चित्राची कळ आणि स्पेस ठेवली आहे. सुरुवातीला अक्षरं सापडणार नाहीत. जोडाक्षर करताना पाय मोडायची कळ आधी, पुढचं अक्षर मग. 'ज्यो' लिहिताना चिडाल. चिडा. दर थोड्या वेळानं कंट्रोल-एस दाबत जा.

कागदावर मी तिसरी ओळ मांडवात म्हटली तशीच लिहिली आहे. पण मशीन तुमचं आहे, टंकणारे तुम्ही, बघायला तिथे मी नाही. तुमचं नाव घालायचं असेल तर मात्रांचा काही प्रश्न येणार नाही, ते मी वर सांगितलंच आहे. जागा तेवढीच आहे. 'त्या माउलीच्या' हे मात्र काढावं लागेल. त्याला बॅकस्पेसची कळ असते, उजवीकडे, एंटरच्या वर. एकदा दाबली की एक अक्षर जातं. आधी 'च्या' जाईल.

दाबून बघा.

जीवन काळमेघ